बादलीतला मेंदू आणि रामकुंडाचे कावळे

"आधी मेंदू द्या! बाप तिकडं पिंडापाशी ताटकळलाय अन् तुम्ही त्याला हितं बादलीत बुचकळून ठेवलाय!"

दारात संजय उभा होता. नुकतंच गुळगुळीत केलेलं डोकं, अंगाला चिकटलेलं ओलं धोतर, पाय अनवाणी. मागं त्याच अवतारात त्याचे दोन चुलतभाऊ. रामकुंडावरून रिक्षा करून ते थेट आमच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात घुसले होते. गेटवरच्या वॉचमनला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, तोही त्यांच्या मागं हात जोडून उभा होता.

"हळू बोला," आमचे सर म्हणाले. "झालं काय ते सांगा."

"कावळा शिवंना. सकाळपासनं बसलोय. भाचीचं लग्न करून देतो म्हणलं, नाय शिवला. गावच्या मंदिराला कळस चढवतो म्हणलं, नाय शिवला. चुलत्याला बांध सोडला, तरी नाय. शेवटी गुरुजींनी इचारलं, देह पुरता दिला ना अग्नीला? म्हणलं, दिला, मेंदू सोडून." संजयनं कपाळावर हात मारून घेतला. "तर गुरुजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मी अर्धा बाप घरी विसरून आलो."

सर बिचारे सज्जन माणूस. त्यांनी कावळा, पिंड आणि विज्ञान यांचा संबंध नसल्याचं समजावून सांगायला सुरुवात केली. संजयनं ते पंच्यानं तोंड पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचं बरोबर हाय. पण हे तुम्ही चला अन् कावळ्याला सांगा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. विभागात जिथं जिथं खरं बोलून भागत नसे, तिथं सर मला पाठवत.

मी कुसुम, सगळे कुसुमताई म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं मी एकच काम केलं. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्याच्या चकत्या काढायच्या, चकत्या काचेवर घ्यायच्या आणि रंगवायच्या. मग डॉक्टर त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार सांगतात आणि नाव त्यांचं होतं. चकती किती पातळ? माझी चकती डोळ्यांपुढं धरली तर तिच्यातून समोरच्याच्या मनातलं दिसायचं. एकदा पंखा चालू राहिला आणि एक चकती खिडकीतून उडाली, ती मालेगावात एका बाईच्या चष्म्यावर जाऊन बसली. बाईंना वाटलं मोतीबिंदू झाला, त्यांनी ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली. यातलं पंखा चालू राहिला एवढं नक्की खरं आहे.

आमच्याकडं तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. नांदगावचे एक निवृत्त मास्तर पिशवीत डबा घेऊन आले होते. त्यांना नातवंडांची नावं आठवेनाशी झाली होती. म्हणाले, "माझ्या मेंदूची एक चकती काढून बघा. थोडीशीच काढा, उरलेला मला लागतो." मी म्हटलं, "मास्तर, आम्ही जिवंत माणसाला हात लावत नाही." तर म्हणाले, "मग मी पुन्हा येईन," आणि डबा खाऊन निघून गेले. कधी काळी गणित शिकवायचे. मला ते फार आवडले होते.

तर मेंदू. बाकीच्या अवयवांसारखी त्याच्याशी घाई करून चालत नाही. ताजा मेंदू खरवसासारखा असतो, सुरी लावली की लिबलिबतो. म्हणून त्याला दोऱ्यानं बांधून औषधाच्या बादलीत उलटा टांगतात, म्हणजे तळाला टेकून चपटा होत नाही. तिथं तो काही आठवडे मुरतो आणि पनीरसारखा घट्ट होतो. मग कापता येतो. आण्णांचा, म्हणजे संजयच्या वडिलांचा, मेंदू अजून नुसता टांगलेला होता. त्या दिवशी तो देऊन टाकला असता तर त्यात काय होतं ते कुणालाच कधी कळलं नसतं.

आणि मैनाबाईंना ते कळायला हवं होतं.

मैनाबाई आण्णांच्या पत्नी. आण्णा लासलगावच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की त्यांनी लासलगावात भाव पुकारला की मनमाडला गाडी थांबायची. हे मला त्यांच्या पुतण्यानं सांगितलं. मी सांगताना नांदगावलाही थांबवते. लांबून येणारा ट्रॅक्टर नुसता इंजिनाच्या आवाजावरून ओळखून ते शेतकऱ्याला नावानं हाक मारायचे, वर त्याच्या बैलाची चौकशी करायचे.

मग एका सकाळी आण्णांनी विकून झालेल्या ढिगाचा पुन्हा लिलाव पुकारला. लोक हसले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा हसले नाहीत. संजयनं त्यांना घरी आणलं. घरी ते भिंतीपुढं उभे राहून लिलाव करायचे. हळूहळू शेजारी विसरले, सून विसरली, संजयला ते दलाल समजू लागले. पण कुठलंही साल विचारा, त्या सालचा लाल कांद्याचा भाव आणि उन्हाळ कांद्याचा भाव वेगवेगळा सांगायचे, आणि तो बरोबर असायचा. मैनाबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या की मात्र ते अदबीनं उठून विचारायचे, "पाहुण्या कुठल्या गावच्या? बसा की."

आमचे सर एकदा लासलगावात या विसरण्याच्या आजाराविषयी बोलायला गेले होते. माणूस गेल्यावर मेंदू तपासला तर हाच आजार होता की दुसरा काही, हे पक्कं सांगता येतं, असं ते म्हणाले. तेवढं एक वाक्य पकडून मैनाबाई नंतर एसटीनं नाशिकला आल्या आणि माझ्याच टेबलापुढं बसल्या.

"मला एवढंच कळू द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या डोक्यात खरंच बिघाड हाय, का सोंग हाय?"

मी म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं कुणी सोंग करतं का?"

"तुम्हाला ते ठावं नाय. आमचं लय कधी जमलं नाय. मी बोलायची, ते पुकारायचे. अन् आता कांदा आठवतो, मी आठवत नाय. रोज चहा नेताना वाटतं, आज म्हणतील मैना. पाहुण्या म्हणतात. मला मुद्दाम टाकलं असंल तर तेबी कळू दे. आजार असला तर रडीन, सोंग असलं तर फोटोशी भांडीन. कळल्याबिगर दोन्ही करता येत नाय."

म्हणून आण्णा गेले तेव्हा घरात सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी मेंदू आम्हाला दिला. संजय आईपुढं काही बोलला नव्हता. ते सगळं तो आता आमच्या दारात बोलत होता.

एका रिक्षात आम्ही चौघं आणि रिक्षावाला. दोन ओल्या धोतरांच्या मध्ये बसून मी पंचवटीत पोचले तेव्हा मीच तिसऱ्या चुलतभावासारखी दिसत होते. रामकुंडाच्या कावळ्यांविषयी बाहेरच्यांना कल्पना नसते. जगात इतका खाल्लेला कावळा दुसरा नाही. रोजचे दहावे, रोजचा भात, रोजचे वडे. उडायचा कंटाळा म्हणून ते पायऱ्यांवरून चालत येतात. एकाला मी घोरताना ऐकलं आहे.

पिंड मांडलेलेच होते. कावळे समोर तारेवर बसून पाठ खाजवत होते. गुरुजी घड्याळ बघत होते, कारण मागं दुसऱ्या घराची माणसं उभी होती.

"दर्भाचा कावळा करून लावू का?" गुरुजी म्हणाले. "शास्त्राला चालतं."

"शास्त्राला चालंल, गावाला नाय चालायचं," आण्णांचे धाकटे भाऊ म्हणाले. "मेंदू आणला का?"

"आणला नाही," मी म्हटलं आणि पिंडापुढं गुडघे टेकले. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, मी कॉलेजातली कुसुम. तुमचा मेंदू माझ्याकडं सुखरूप आहे. सावलीत आहे, झाकून ठेवला आहे, दिवसातून दहादा जाऊन बघते. काम झालं की राहिलेला सगळा सन्मानानं अग्नीला देऊ. शब्द देते."

तारेवरच्या कावळ्यानं माझ्याकडं पाठ फिरवली.

"बघा," धाकटे भाऊ म्हणाले. "नाय पटलं दादाला. जा रे संजय, घेऊन ये तो मेंदू, कसा असंल तसा."

संजय उठला. त्याच वेळी पायऱ्यांवर बायकांत बसलेल्या मैनाबाई उठल्या. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत खाली आल्या. दिराकडं नाही, मुलाकडं नाही, पिंडाकडं बघून बोलल्या. आवाज चढवला नाही, पण घाट ऐकत होता.

"मेंदू मिळायचा नाय. अडला असाल तर अडा. मी रोज सकाळी अडत होते तुमच्यापुढं, चहाचा कप घेऊन. तुम्ही म्हणायचा, पाहुण्या, बसा. आता तुम्ही बसा."

गुरुजींनी घड्याळ बघायचं सोडलं. सगळा घाट मैनाबाईंकडं बघत होता, आणि मी ओरडले, "शिवला!"

सगळे वळले. कडेच्या पिंडाचा कोपरा फुटला होता आणि काहीतरी काळं उड्या मारत पायऱ्यांवरून वर चाललं होतं. धाकट्या भावांच्या मते ते शेळीचं करडू होतं. पण सगळ्यात जवळ मी होते आणि कावळाच होता, हे मी आजही शपथेवर सांगते. शपथा मी फार वाहत नाही, लागतील तेवढ्याच. गुरुजींनी लगेच पुढचे मंत्र सुरू केले आणि मागची माणसं पुढं सरकली.

मैनाबाईंनी कावळ्याकडं बघितलंच नव्हतं. मला बाजूला घेऊन विचारलं, "कधी कळंल?"

"मुरू द्या अजून," मी म्हटलं.

"मुरू दे," त्या म्हणाल्या, जणू लोणच्याचं बोलत होतो.

मुरला. सरांनी तो कापला आणि आठवण जिथं आधी उतरते त्या आतल्या भागाचे छोटे तुकडे माझ्या हातात दिले. मग ते पाण्यातून दारूत, दारूतून पुढच्या औषधात आणि शेवटी मेणात गेले. मेंदूच्या तुकड्यांना पाजलेल्या त्या दारूचं सांगितलं की माझ्या दिरांना त्या तुकड्यांविषयी फार आपुलकी वाटायची.

या आजारासाठी खास रंग असतो, चांदीचा. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात काच बुडवायची, अंधारात ठेवायची, आणि मेंदूतली बिघडलेली प्रथिनं तेवढी चांदी धरून काळी पडतात. माझी बोटंही काळी पडायची. सराफ बाजारात मंगळसूत्र दुरुस्तीला गेले की सराफ आधी माझ्या बोटांकडं बघायचा, मग तिजोरीकडं.

प्रथिनं म्हटलं की लोकांना डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीरातलं काम करणारं प्रत्येक प्रथिन म्हणजे एक घडी असते. साडीसारखी. घडी बरोबर असेल तर ते काम करतं. चुकली तर काम सोडतं, वर शेजारच्यालाही चुकीची घडी शिकवतं. कपाटात एक साडी कोंबून ठेवा, आठवड्यात सगळं कपाट तसं होतं. हे कळायला मला शास्त्रज्ञ लागला नाही.

या आजारात दोन प्रथिनांच्या घड्या बिघडतात. आपल्याकडच्या माणसाला ते द्राक्षबागेवरून चटकन समजतं. मेंदूची पेशी म्हणजे मांडवावर चढवलेली वेल समजा. एक प्रथिन, अमायलॉइड, दोन ओळींच्या मधल्या जागेत कचऱ्यासारखं साचतं, त्याचे गोल ढीग होतात. दुसरं, त्याचं नाव टाऊ, ते वेलीच्या आत असतं. पेशीत खाणंपिणं वाहून नेणाऱ्या बारीक तारा असतात, त्या ताणून धरणारी सुतळी म्हणजे टाऊ. ती सुतळी सुटते, एकमेकींत गुंतते, तारा लोंबतात, टोकापर्यंत काही पोचत नाही आणि वेल वाळते. वेल मेल्यावरही सुतळीचा गुंता तिथंच पडून राहतो. आधी कचरा की आधी गुंता, यावर जगभरचे डॉक्टर अजून भांडतात. पण माणूस किती विसरला, हे गुंत्यांवरून जास्त कळतं, असं सर म्हणायचे.

मला आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. घरी कुणाला सांगायची सोय नाही, पण मला त्या काचांची आठवण येते. चांदीतून काढलेली काच आधी सगळी पिवळी असते, मग तपकिरी, आणि मग जुना फोटो धुताना चेहरा उमटावा तसं हळूहळू काळं उमटायला लागतं. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं मला चालायचं नाही. आता मी पोळी लाटते आणि उजेडापुढं धरून बघते. आमचे हे म्हणतात, "त्यात काय आजार सापडला?" मी म्हणते, "कणीक." पण एकदा, एकदाच, ती काच पुन्हा हातात यावी असं वाटतं. विशेषतः आण्णांची.

निकाल ऐकायला मैनाबाई आल्या त्या दिवशी संजयही होता, तो बाहेरच्या बाकावरच बसला. मी रुमाल धुऊन, घडी घालून खिशात ठेवला होता, कारण त्यांनी रडीन म्हटलं होतं.

"आजारच होता," सर म्हणाले. "पक्का. शंकाच नाही. सोंग नव्हतं."

मैनाबाईंनी मान हलवली. थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"मग आता भांडायचं कुणाशी," त्या म्हणाल्या.

रुमाल खिशातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "मला दिसंल का?"

सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या, सगळ्यांना आधी तेवढंच दिसतं. मी स्टूल वर केलं, काच नीट लावली, आणि त्या आणखी पुढं झुकल्या.

"हे काळं काय? जाळ्यासारखं?"

"तेच गुंते," मी म्हटलं. "पेशीच्या आत होतात. आणि ते गोल डाग दिसतात ना, तो बाहेर साचलेला कचरा."

"एवढं सगळं ह्यांच्या डोक्यात?"

"हो."

"दुखत असंल."

"मेंदूला स्वतःला दुखत नाही, बाई," सर म्हणाले.

"मग एकदा तरी बोलायचं, की मला काहीतरी व्हायलंय."

"त्यांना स्वतःलाही कळलं नसेल."

"ह्यांना सगळं कळायचं," मैनाबाई म्हणाल्या. पण डोळे काही उचलले नाहीत. काच त्यांच्याखाली तशीच होती, तपकिरी शेतात काळ्या जाळ्यांची गर्दी. मी घाटावर त्यांना बघितलं होतं, तेव्हाही त्या इतक्या वाकल्या नव्हत्या. मग त्याच अवस्थेत, काचेत बघतच त्यांनी विचारलं, "ह्यात मी कुठं होते?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आठवण अशी एका पेशीत बसलेली नसते, बाई. पुष्कळ पेशींत मिळून असते. काचेवर ती दिसत नाही. कुणालाच नाही दिसत."

"हूं," मैनाबाई म्हणाल्या, आणि बघतच राहिल्या.

मी आयुष्यभर मनमाडला गाड्या थांबवल्या, मालेगावात मोतीबिंदू केले, कावळे बसवले. पण आपली थाप समोरच्याला खरी वाटावी असं इतकं आतून मला कधी वाटलं नव्हतं. मी हात पुढं केला, काच केसभर सरकवली. मला ती जागा माहीत होती, काच रंगवताना मी तिथं थांबले होते. चारी बाजूंनी गुंते आणि मध्ये एकच पेशी, स्वच्छ, टपोरी, त्रिकोणी, पोटात गाभा उघडा, घरात दिवा असावा तसा.

"हे बघा, मावशी," मी म्हटलं. "दिसतंय? सगळीकडं गुंता आणि मधे ही एक तशीच उभी आहे. कशानं हलली नाही ती. ह्या इथं होता तुम्ही. शेवटपर्यंत."

सर माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

मैनाबाईंनी ती पेशी खूप वेळ बघितली. आमच्या खोलीत त्या वेळी चांदी उमटत नव्हती, तरी मी श्वास धरून उभी होते. शेवटी त्यांनी डोकं वर केलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"तिथं कांद्याचा भाव असंल," त्या म्हणाल्या.